तुझा 'स' गेला कुठे?

"तुझा 'स' ऐकू येत नाही," असं तुम्हाला बॉसने सांगितलं तर तुम्ही काय कराल? आरशासमोर उभे राहाल, जीभ दातांच्या मागे नेऊन 'सससस' कराल, घरच्यांना वाटेल कुकरची शिट्टी बिघडली. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधल्या मुलीने हे सगळं केलं. चांगलं दीड महिना केलं. आणि तिच्या 'स'ला काहीही झालेलं नव्हतं.

गोष्ट २००९ च्या पावसाळ्यातली. हिंजवडीतलं आमचं ऑफिस, रात्रपाळी, अमेरिकेतलं हॉटेल बुकिंगचं काम. ती लातूरची. लातूर पॅटर्नमधून थेट बोर्डाच्या मेरिट लिस्टपर्यंत जाऊन आलेली, त्यामुळे नापास होण्याची सवय नाही. सहा महिन्यांचं प्रोबेशन, मग कन्फर्मेशन. पगारातले अर्धे पैसे घरी जायचे, धाकट्या भावाची फी त्यातूनच. म्हणजे कन्फर्मेशन हा तिच्यासाठी नुसता कागद नव्हता.

चौथ्या महिन्यात तिच्या हातात फॉर्म आला. इंग्रजीत लिहिलं होतं की, 'स'सारखे उच्चार दुबळे, ग्राहकाला मध्येच तोडते, वारंवार 'पार्डन' म्हणते. उपाय : व्हॉइस अँड अॅक्सेंट ट्रेनिंग, पुन्हा एकदा. आणि कन्फर्मेशन पुढे ढकललं.

कारण तसं फालतू नव्हतं. बुकिंगच्या कोडमध्ये अक्षरं असायची. ही 'एस' सांगायची, पलीकडचा 'एफ' लिहून घ्यायचा आणि मध्यरात्री हॉटेलच्या काउंटरवर चुकीचा कोड घेऊन उभा राहायचा. पोरंबाळं, सामानसुमान घेऊन. मग तिथूनच फोन, शिव्या, तक्रार. 'एस फॉर सिएरा' म्हणायचं असं शिकवलं होतं, पण घाईत कोण लक्षात ठेवतंय?

ट्रेनर बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी तिची रेकॉर्डिंग्ज स्वतः ऐकली. म्हणाल्या, "मला तर सगळं समजतंय. पण माझा कान भारतीय आहे ना! अमेरिकन कानाला नाही समजत." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका रात्री दोन-अडीचला आम्ही कॅन्टीनमध्ये मॅगी खात बसलो होतो. ती रडवेली. म्हणाली, "अरे, मी घरी फोन केला की आई म्हणते किती स्पष्ट बोलतेस. इथे बसले की काय होतं मला?" शेजारच्या टेबलवर नेटवर्कवाले दादा होते. सातारकडचे, पस्तिशीचे, सर्व्हर रूमच्या एसीमुळे जूनमध्येही स्वेटर घालणारे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "सगळ्या नव्या पोरांचं असंच होतंय, का एकट्या तुमचंच, मॅडम?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच की! त्या बॅचमधल्या बारापैकी नऊ जणांच्या फॉर्मवर तेच लिहिलं होतं. कुणी नांदेडचा, कुणी ठाण्याची, एक तर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली गोव्याची पोरगी. सगळ्यांची जीभ एकाच महिन्यात जड झाली?

आता थोडं मशीनच्या पोटात शिरावं लागेल. घाबरू नका, मलाही दादांनीच समजावलंय, तेही पेपर नॅपकिनवर.

तुमचा आवाज इंटरनेटवरून पाठवायचा तर आधी त्याचे आकडे करावे लागतात. हे काम करतो तो कोडेक. सगळ्यात जुना आणि साधा म्हणजे जी.७११. १९७२ सालचा. सेकंदाला ८,००० वेळा आवाज मोजतो, दर वेळी ८ बिट लिहितो, झाले ६४ किलोबिट. काटकसर फारशी नाही, म्हणून आवाज स्वच्छ. जुन्या लँडलाइनचा जसा असायचा तसा. (त्यातही दोन पोटजाती. आपल्याकडे आणि युरोपात ए-लॉ, अमेरिकेत आणि जपानमध्ये म्यू-लॉ. म्हणजे इथेही देशस्थ-कोकणस्थ आहेच! पण ए-लॉचं म्यू-लॉ करताना फारसं बिघडत नाही.)

दुसरा जी.७२९. १९९६ चा. हा ८ किलोबिटमध्येच काम उरकतो. आठपट काटकसर! कशी? तर हा आवाज पाठवतच नाही. तो दर दहा मिलिसेकंदांनी अंदाज बांधतो की, असा आवाज काढायला माणसाचा घसा, तोंड, श्वास कसा असावा लागेल, आणि तेवढीच कृती लिहून पाठवतो. पलीकडचं मशीन त्या कृतीवरून आवाज नव्याने शिजवतं. म्हणजे आईची आमटी डब्यात घालून अमेरिकेला पाठवायची नाही, कृती कळवायची, तिकडे कुणीतरी तशीच करून वाढायची. एकदा केलं तर बरी होते. आई जेवायला बसली तरच फरक कळेल.

होल्डवर टाकल्यावर फोनमधलं गाणं विहिरीतून आल्यासारखं का वाटतं, हेही त्या रात्री कळलं. मशीन बिचारं तबल्याला आणि सतारीला माणसाचा घसा समजून कृती लिहीत असतं! आजूबाजूला चाळीस जण एकदम बोलत असले तरी त्याचा असाच गोंधळ होतो. एका घशाची कृती लिहायला बसलेल्याला चाळीस घसे ऐकू येतात. आणि आमचा नवा फ्लोअर म्हणजे दादरची भाजीगल्ली.

बरं, दोन फोन एकमेकांशी बोलायला लागण्याआधी पत्रिका जुळवतात. हा म्हणतो, मला हे हे कोडेक येतात, या क्रमाने आवडतात. तो म्हणतो, यातले मला हे चालतील. जुळलं की लग्न. काहीच जुळलं नाही तर '४८८' असा नकार येतो. इंग्रजीत सभ्य शब्दांत, पण अर्थ 'स्थळ पसंत नाही' हाच. किंवा मग मध्ये एक दुभाषी बसवतात. तो इकडची भाषा ऐकतो, तिकडच्या भाषेत सांगतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. दुभाष्याला फुकटात काम करायचं नसतं. गेटवेमधल्या चिप्स या कामाला जुंपाव्या लागतात, आणि जितका अवघड कोडेक तितके कमी कॉल एका चिपवर बसतात.

दादांनी नॅपकिनवर दोन रेघा मारल्या. वरची रेघ आमच्यासारख्या जुन्या खोडांची. आमचा कॉल पुण्यात जी.७२९ होऊन निघायचा, मुंबईच्या ऑफिसातून जायचा आणि थेट अमेरिकेत उघडायचा. मुंबईत कुणी पाकीट फोडायचं नाही. तिकडे गेटवे त्याचं म्यू-लॉ करून फोन कंपनीच्या हवाली करायचा. एकदाच कृती, एकदाच आमटी.

खालची रेघ नव्या पोरांची. मुंबईपर्यंत तेच. पण ही पोरं प्रोबेशनवर, म्हणून त्यांचे कॉल रेकॉर्ड व्हायचे. क्वालिटी तपासायला! रेकॉर्डर मुंबईत. तो म्हणजे जणू लाइनवरचा तिसरा माणूस. दोन्ही बाजूंचा आवाज घ्यायचा, साठवायचा, पुढे ढकलायचा. आणि या तिसऱ्या माणसाला फक्त जी.७११ यायचं. जी.७२९ वर तेव्हा पेटंट होती, दर चॅनेलमागे फी मोजावी लागायची. अॅस्टेरिस्क नावाची फुकटची सिस्टिम वापरणाऱ्यांनाही जी.७२९ हवा असेल तर चॅनेलमागे दहा डॉलर मोजावे लागत. आमच्या रेकॉर्डरसाठी ते पैसे कुणीतरी वाचवले होते. कुणी, ते कधीच कळलं नाही. ऑफिसात अशा गोष्टी आपोआप होतात.

मग काय व्हायचं, तर मुंबईत पाकीट फोडायचं, आमटी शिजवायची, रेकॉर्डरला चाखवायची आणि ती शिजलेली आमटी चाखून दुसऱ्याने पुन्हा कृती लिहायची. कारण अमेरिकेची लाइन महाग, तिकडे परत जी.७२९ च हवं. अमेरिकेत पोचली ती आमटीच्या आमटीची कृती. वर ग्राहक मोबाइलवर असेल तर त्या मोबाइलचा स्वतःचा कोडेक तिसरी फोडणी घालणार.

"आणि ट्रेनर मॅडम कुठलं ऐकतात?" मी विचारलं.

दादांनी रेकॉर्डरच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हितलं. पहिली आमटी."

कळलं ना? बाईंना समजत होतं, कारण त्यांच्यापर्यंत आवाज एकदाच दाबून यायचा. ग्राहकापर्यंत दोनदा, तीनदा. कान भारतीय की अमेरिकन, हा प्रश्नच नव्हता.

मुळात फोनच्या लाइनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, ही फार जुनी व्यवस्था. 'स'ची खरी धार असते ४,००० हर्ट्झच्या वर. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या लँडलाइनवरही 'स' अर्धा कापूनच जायचा. 'एस' आणि 'एफ'चा घोळ त्यामुळे जगभर आहे, म्हणून तर ते सिएरा आणि फॉक्सट्रॉट. आता या कापलेल्या 'स'ची दोनदा कृती लिहा. उरतं ते नुसतं फुसफुस.

या बिघाडाचा हिशोब असतो, हे ऐकून मला गंमत वाटली. आयटीयू ही टेलिफोनची जागतिक संस्था लाइनला गुण देते. चांगली लाइन ९३ पासून सुरू होते. मग दंड कापत जायचं. जी.७११ ला दंड शून्य. जी.७२९ ला १०. आणि हे दंड बेरजेने वाढतात. आमच्या कॉलचे झाले ८३. ८० च्या वर म्हणजे लोक समाधानी. तिच्या कॉलचे ७३, म्हणजे काही लोक नाराज. ग्राहक जीएसएम मोबाइलवर असेल तर चांगल्या कोडेकचेही आणखी ५ गेले, राहिले ६८. ६० ते ७० च्या खान्यात काय लिहिलंय माहितीये? 'बरेच लोक नाराज'. मेरिट लिस्टमधली पोरगी, तिला मुंबईतल्या एका डब्याने ६८ वर आणून ठेवलं होतं. आणि ६८ लागले ते तिच्या नावावर.

'मध्येच तोडते' याचंही उत्तर तिथेच होतं. दर वेळी पाकीट फोडून पुन्हा बांधायचं म्हणजे वेळ जातो. कोडेकचे १५ मिलिसेकंद, २० चं पाकीट भरेपर्यंत थांबायचं, आलेली पाकिटं ओळीत लावायला आणखी. पुण्याहून अमेरिकेला जायलाच शंभराच्या वर. एका दिशेला १५० च्या आत राहावं असं आयटीयू सांगते. त्यापुढे गेलं की समोरच्याचं बोलणं संपलं असं वाटून आपण सुरू होतो, आणि त्याच क्षणी तोही. दोघंही थांबतात. दोघंही पुन्हा एकदम सुरू होतात. मग 'सॉरी', 'नो, गो अहेड', 'पार्डन'. आम्हाला वाटायचं पोरीला मॅनर्स नाहीत.

पण नॅपकिन घेऊन व्हीपीकडे जाता येत नाही. पुरावा पाहिजे.

डोकं चाललं ते तिचंच. न्यू जर्सीच्या ऑफिसात आमचा एक ऑनसाइट मित्र होता, कोथरूडचा. तिने वीस मराठी शब्द काढले. सण, फण, सात, साठ, पाच, पास, काच, कास असे, उलटसुलट क्रमाने. शिफ्ट संपल्यावर तिने आधी स्वतःच्या जागेवरून त्याला फोन लावून ते वाचले. मग माझ्या खुर्चीत बसून, माझ्या फोनवरून, त्याच आवाजात, दुसऱ्या क्रमाने. त्याने फक्त ऐकू आलं ते लिहायचं.

तिच्या फोनवरून वीसपैकी सात चुकले. माझ्या फोनवरून दोन.

"सणाला फण म्हणाली रे ती," तो हसत होता. मग एकदम गप्प झाला. मराठी मुलगी, मराठी शब्द, मराठी कान. यात अॅक्सेंट कुठून आला?

तो कागद घेऊन दादा, मी आणि ती, तिघं गेलो. वरच्यांनी शांतपणे ऐकलं, हे मान्य केलं पाहिजे. मग पहिला प्रश्न आला, अर्थातच, "खर्च किती?"

इथे अजून एक गंमत. जी.७२९ ची काटकसर वाटते तेवढी नसतेच. आवाज सेकंदाला पन्नास पाकिटांत जातो. प्रत्येक पाकिटात जी.७२९ चा ऐवज २० बाइट, आणि पाकिटावरचा पत्ता-शिक्का ४० बाइट! पत्रापेक्षा लिफाफा दुप्पट जड. त्यामुळे ८ चे प्रत्यक्षात होतात २४ किलोबिट. जी.७११ चे ६४ चे होतात ८०. आठपट बचत म्हणून विकलेली गोष्ट सव्वातीन पटीवर येते. बारा पोरांचे कॉल मुंबईपर्यंत जी.७११ ने न्यायचे तर २८८ ऐवजी ९६० किलोबिट. पुणे-मुंबई लाइन दोन मेगाबिटची, रात्री निम्मी रिकामी. म्हणजे खर्च शून्य. एका स्क्रीनवर क्रम बदलायचा, ए-लॉ वर, जी.७२९ खाली. दादांनी ते त्याच रात्री केलं. आवाज मुंबईपर्यंत जसाच्या तसा, पुढे एकदाच कृती. दिवाळीपर्यंत त्यांनी रेकॉर्डरला रस्त्यातून उठवून कडेला बसवलं. पाकिटांची एक प्रत त्याच्याकडे जाईल, तो सावकाश फोडून ऐकत बसेल, मूळ पाकीट न फुटता पुढे. त्यासाठी त्याला जी.७२९ ची फी भरून घ्यावी लागली. जी आधीच भरली असती तर... असो.

दुसऱ्या महिन्यात तक्रारी उतरल्या. तिचं कन्फर्मेशन आलं, पण ठरल्यापेक्षा तीन महिने उशिरा. त्या तीन महिन्यांचा पगारातला फरक मिळाला नाही. 'सॉरी' कुणी म्हटलं नाही. ट्रेनर बाईंनी मात्र तिला कॉफी पाजली आणि स्वतःहून म्हणाल्या, "मी माझ्याच कानावर विश्वास ठेवायला हवा होता." नऊ जणांपैकी दोघं तोवर नोकरी सोडून गेले होते. त्यातला नांदेडचा मुलगा जाताना मला म्हणाला होता, "आपलं इंग्लिशच गावठी यार." त्याला नंतर फोन करून सांगितलं मी. तो म्हणाला, "बरं." एवढंच.

आता हे सगळं जुनं झालं असं तुम्हाला वाटत असेल, तर थोडं थांबा. चांगल्या गोष्टी झाल्या, नाही कशाला म्हणू? २०१२ मध्ये ओपस आला, फुकट आणि खुला, लागला तर सहा किलोबिटमध्ये निभावणारा आणि मोकळं रान मिळालं तर संगीतही नीट नेणारा. ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलसाठी तो आणि आपला म्हातारा जी.७११, दोन्ही येणं २०१६ पासून सक्तीचं आहे. म्हणजे दुसरं काहीच जुळलं नाही तरी १९७२ सालच्या आजोबांवर एकमत व्हावं, ही सोय. जी.७२९ चीही फी २०१७ पासून गेली. मोबाइलवर व्होल्टे आलं, दोन्हीकडचं जुळलं तर 'स' अगदी कानाशी कुजबुजल्यासारखा ऐकू येतो.

पण 'जुळलं तर' हेच तर सगळं. तुमच्या मीटिंगमध्ये आठ जण अॅपवरून बोलतायत, मोकळा भरदार आवाज. नववा कॅबमध्ये, नेट नाही, म्हणून दिलेला नंबर डायल करून फोनवरून आत शिरलाय. त्याच्यासाठी मध्ये दुभाषी बसला. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो, आणि आठही जणांना, नकळत, तो जरा कमी हुशार वाटायला लागतो. इंटरव्ह्यू असेल तर विचारूच नका. म्हणून माझा फुकटचा सल्ला : इंटरव्ह्यूला नंबर डायल करू नका, लिंक उघडा. आणि तुम्ही खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला असाल, तर 'कॅंडिडेट अस्पष्ट बोलतो' असं लिहिण्याआधी तो कशावरून बोलतोय ते विचारा. आयटीवाल्यांनाही एकदा विचारून बघा, आपला कॉल रस्त्यात किती वेळा फोडला जातो. उत्तर लगेच आलं तर तुमचे दादा चांगले आहेत. त्यांना चहा पाजा.

आमची लातूरकर आता दुसऱ्या कंपनीत आहे, वीस जणांची टीम सांभाळते. तो 'स'वाला फॉर्म तिने अजून जपून ठेवलाय. परवा तिचा फोन आला, कुठल्याशा कॉन्फरन्स लाइनवरून मला जोडलं होतं. खरखर, मध्येच तुटतंय, सगळं विहिरीतून.

मी म्हटलं, "तुझा 'स' ऐकू येत नाहीये."

"थांब," ती म्हणाली, "मी दुसरीकडून लावते."